मुलांच्या बॅगा धरून बसलेल्या आयांचीही एक बॅच काढा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या महिला पुरवणीत मध्यंतरी चाळिशीनंतरच्या व्यायामावर दोन पानं आली होती, ती मी ई-पेपरवर वाचली. लेख चांगले होते, चालणं, सूर्यनमस्कार, प्राणायाम, झुंबा, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, सगळं आलं. पण दोन्ही पानं संपली तरी खेळाचं नावसुद्धा नाही. म्हणजे बाईने चाळिशी ओलांडली की तिने चालायचं, वाकायचं, श्वास घ्यायचा नि वजन कमी करायचं, बास. चार जणींबरोबर टीम करून खेळायचं, हरायचं, जिंकायचं, पंचाशी हुज्जत घालायची, हे तिच्या वाट्याला नाहीच. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, काटछाट करायची तर करा पण मधला पडण्याचा भाग तेवढा ठेवा.

मी मूळची नाशिकची, आता बरीच वर्षं अमेरिकेत टेक्सासमध्ये ऑस्टिनला असते. नोकरी कॉम्प्युटरवरची, दिवसभर खुर्ची. आणि सध्या मी इथल्या एका बायकांच्या रोलर डर्बी लीगच्या नवशिक्या बॅचमध्ये आहे. हे सांगितलं की नात्यातले लोक आधी विचारतात घोड्यांची शर्यत का. नाही हो, घोडे नाहीत, आम्हीच. चार चाकी स्केट्स पायात घालून अंडाकृती ट्रॅकवर पाच जणी या बाजूच्या, पाच जणी त्या बाजूच्या, आणि एकमेकींना धक्के मारून अडवायचं. धक्के मारणं नियमात बसतं, किंबहुना त्यावरच खेळ उभा आहे.

कबड्डी माहीत असलेल्या माणसाला हा खेळ पाच मिनिटांत समजतो असा माझा अनुभव आहे, अमेरिकन माणसाला जास्त वेळ लागतो. दोन्ही टीमची एकेक जॅमर असते, तिच्या हेल्मेटवर चांदणी असते, ती समजा चढाई करणारी. बाकी चौघी ब्लॉकर, त्या भिंत करून समोरच्या जॅमरला कोंडून धरतात, फक्त हाताने पकडायचं नाही, खांदा, कंबर, मांडीचा वरचा भाग एवढ्यानेच अडवायचं. जॅमरने एकदा सगळ्यांना पार केलं की पुढच्या फेरीपासून समोरच्या जितक्या ब्लॉकरना ती मागे टाकेल तितके पॉइंट. एक डाव जास्तीत जास्त 2 मिनिटांचा, त्याला जॅम म्हणतात, मग 30 सेकंद श्वास घ्यायला, की पुन्हा पुढचा जॅम, असे 30-30 मिनिटांचे दोन भाग. जी जॅमर पहिल्यांदा नियमात राहून बाहेर निघते ती लीड जॅमर, तिला वाटेल तेव्हा कंबरेवर हात आपटून डाव संपवता येतो, म्हणजे आपले पॉइंट झाले नि समोरची जोरात येतेय असं दिसलं की लगेच थापट्या मारायच्या, बसा आता. मजा म्हणजे दोन्ही जॅमर एकाच वेळी पळतात, म्हणजे आपल्या जॅमरला वाट करून देणं आणि समोरचीला अडवणं ही दोन्ही कामं त्याच चौघींनी त्याच क्षणी करायची. कबड्डीत निदान एका वेळी एकच चढाई असते!

मारामारीचा खेळ आहे असा एक समज आहे, तो जुन्या टीव्हीमुळे. खेळ सुरू झाला 1935 साली शिकागोमध्ये, लिओ सेल्ट्झर नावाच्या माणसाने काढला, तेव्हा ती नुसती दिवसेंदिवस चालणारी सहनशक्तीची शर्यत होती, बाई आणि पुरुष अशा जोड्या पळायच्या. आणि तेव्हापासून दोघांना नियम एकच, बायकांसाठी सोपं वेगळं काही नाही, 1935 च्या मानाने हे बघा केवढं. पुढे धक्काबुक्की आली, टीव्ही आला, नाटकीपणा आला, आणि 1973 मध्ये मूळ कंपनी बंद पडली. मग 2001 मध्ये इथे ऑस्टिनलाच काही बायकांनी खेळ पुन्हा उभा केला. कल्पना मुळात एका पुरुषाची, पण तो लवकरच बाजूला झाला आणि राहिलेल्या बायकांनी ठरवलं की आपणच चालवू. 2003 मध्ये त्यांच्यात फूट पडली (संस्था म्हटली की फूट आलीच, ते मराठी माणसाला समजवायला नको). काही जणी उतरत्या कडांच्या लाकडी ट्रॅकवर राहिल्या, बाकीच्यांनी सपाट जमिनीवर खेळायला घेतलं. या सपाट ट्रॅकनेच खरी क्रांती केली असं माझं मत आहे, कारण तिरका लाकडी ट्रॅक बांधायला नि ठेवायला पैसा लागतो नि जागा लागते, सपाट ट्रॅकला एक मोठा हॉल, दोरी आणि चिकटपट्टी. जमिनीवर दोरी अंथरायची आणि वरून पट्टी मारायची, पायाला उंचवटा लागला की कळतं रेषा आली. 2004 मध्ये यांची संघटना झाली, विमेन्स फ्लॅट ट्रॅक डर्बी असोसिएशन, आणि आता मेलबर्नपासून लंडनपर्यंत शेकडो लीग आहेत.

आता नवशिक्या बॅचचं सांगते, कारण पत्राचा मुद्दा तोच आहे.

पहिल्या दिवशी वाटलं होतं पंचविशीच्या टॅटूवाल्या पोरी असतील आणि मी एकटीच काकू. टॅटूवाल्या होत्याच. पण त्यांच्याबरोबर एक शाळेतली शिक्षिका, एक बाळंतपणानंतर वर्षभराने आलेली, एक पन्नाशीची ग्रंथपाल, एक ट्रान्स बाई, एक ट्रक चालवणारी, आणि कोणालाच धड स्केटिंग येत नव्हतं. येत नाही हीच प्रवेशाची अट असल्यासारखं सगळं बेतलेलं होतं. लीगने जुने स्केट्स नि पॅड एका कपाटात ठेवलेले असतात, नवीन आलेल्यांनी त्यातलं मापाचं घ्यायचं आणि टिकलात तर मग स्वतःचं विकत घ्यायचं. गुडघ्याला जाड पॅड, कोपराला, मनगटाला पट्टीवाला गार्ड, हेल्मेट, तोंडात माउथगार्ड. हे माउथगार्ड गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं आणि दाताखाली दाबून आपल्या जबड्याचा साचा पाडायचा, मी ते घरी चहाच्या पातेल्यात केलं आणि नंतर कितीतरी दिवस चहाला प्लास्टिकचा वास येतोय म्हणून घरातून तक्रारी. आणि पॅडचा वास तर काही बोलूच नका, महिनाभर घाम पिऊन झाला की ते घरात ठेवता येत नाहीत, गाडीच्या डिकीत ठेवले तर टेक्सासच्या उन्हात डिकी उघडवत नाही, मी आता गॅरेजमध्ये दोरीवर वाळत घालते, तिथे कुत्रासुद्धा जात नाही.

आणि पहिला सगळा क्लास काय शिकवलं तर पडायचं कसं. खरंच. वेग नाही, वळणं नाही, फक्त पडणं. एका गुडघ्यावर पडा आणि लगेच उठा, दोन्ही गुडघ्यांवर पडा नि घसरत जा, गुडघे, कोपर, मनगट सगळं टेकून छोट्या गोळ्यात पडा. पडलात की मुठी आवळायच्या, बोटं जमिनीवर पसरायची नाहीत, मागून येणारीची चाकं बोटांवरून गेली तर काय होईल ते सांगायला नको. पुढे पडायचं, मागे नाही, मागे पडलात तर माकडहाड. आणि पडून झाल्यावर हात न टेकता तीन सेकंदांत उभं राहायचं, तिथे माझे गुडघे बोलायला लागले. कोच शिट्टी वाजवायची, आम्ही सगळ्या एकदम धपाधप खाली, पुन्हा शिट्टी, पुन्हा वर. आपल्याला लहानपणापासून सांगतात पडशील, जपून, पळू नकोस, फ्रॉक सावर, आणि इथे एक धिप्पाड बाई मोठ्याने ओरडतेय की तुम्ही पुरेशा पडत नाही आहात! शाळा सुटल्यानंतर मी मुद्दाम जमिनीवर पडले नव्हते, तुमच्या वाचक बायकांनीही आठवून बघावं शेवटचं कधी पडलो होतो, घसरून नाही, खेळताना.

मग उभं राहायचं कसं. बूड खाली, छाती वर, गुडघे वाकलेले, नजर समोर, जमिनीकडे बघायचं नाही. हे सगळं ऐकायला सोपं पण दोन मिनिटांत मांड्या पेटतात. मग थांबणं, पाय बाहेर फाकवून टाचांनी जमीन दाबत थांबायचं, ते जमलं की पुढच्या रबरी स्टॉपवर उलटं फिरून थांबायचं. वळताना एका पायावरून दुसरा पाय टाकायचा, क्रॉसओव्हर म्हणतात, सगळं डावीकडेच कारण ट्रॅक घड्याळाच्या उलटा फिरतो, त्यामुळे काही महिन्यांनी एक बाजू मजबूत नि दुसरी कच्ची होते, त्याला वेगळा व्यायाम करावा लागतो. 5 मिनिटांत 27 फेऱ्या हा बऱ्याच लीगमधला वर्षानुवर्षांचा मापदंड, मला अजून जमलेला नाही, वीसच्या पुढे गेलं की छातीचा भाता होतो. पण कुणी घाई करत नाही. धक्के खाणं तर फार नंतर येतं, आधी हे सगळं तपासतात, पास झालात की मग तुम्हाला हात, म्हणजे खांदा, लावतात.

धक्क्याचे नियमही कडक आहेत. कोपर मारलं, डोकं लावलं, पाठीत धक्का दिला, मांडीच्या मध्याखाली मारलं की शिट्टी, आणि 30 सेकंद पेनल्टी बॉक्समध्ये खुर्चीवर जाऊन बसायचं. सात पेनल्टी झाल्या की त्या मॅचपुरत्या घरी. जॅमर बॉक्समध्ये गेली तर तेवढा वेळ तिची टीम पॉइंटच मिळवू शकत नाही, त्यामुळे सगळ्यात महागात पडतो तो राग. मी बघितलंय, चिडणारी खेळाडू इथे टिकत नाही, हसत हसत खांदा लावणारी टिकते.

वजनाबद्दल एक सांगायचंच आहे. तुमच्या दोन्ही पानांवर सगळ्यात जास्त वेळा आलेली गोष्ट म्हणजे वजन कमी करणे. इथे आमच्या बॅचमधली सगळ्यात भारी बाई आल्या दिवसापासून सगळ्यांच्या नजरेत, कारण ती एकदा ठाम उभी राहिली की तिला कोणी हलवू शकत नाही, भिंतीच्या मधोमध तिलाच ठेवतात. लहानखुऱ्या मुली फटीतून निसटतात, उंच मुली लांब ढांगा टाकतात, प्रत्येक आकाराला काम आहे. मी आजवर जितक्या जिममध्ये पैसे भरले तिथे माझं शरीर हा एक सोडवायचा प्रॉब्लेम होता. इथे कोच येऊन विचारते या कंबरेने तू कुणाला अडवू शकशील.

आता धोका. तो नाही असं मी म्हणणार नाही, घोटा मोडतो, गुडघ्याचा लिगामेंट जातो, प्रत्येक लीगमध्ये एखादी तरी कुबड्यांवर बसून स्कोअर लिहीत असते. विमा लागतो, पैसे लागतात, नवशिक्यांचे स्केट्स नि सगळे पॅड मिळून दोन-तीनशे डॉलरच्या घरात जातात, शिवाय महिन्याची वर्गणी. हाडांचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरला विचारा हे सांगायला मी कोण. काळंनिळं होणं मात्र रोजचंच. मी नेहमीच्या तपासणीला गेले तर नर्सने माझे दंड बघितले, दार लावून घेतलं नि हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, कोणी मारत वगैरे नाही ना. मी म्हटलं मारतात की, दर मंगळवारी नि गुरुवारी, आणि मी त्याची वर्गणी भरते. मग फोनवर फोटो दाखवले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. आईचा मात्र अजून पडलेला नाही, ती व्हिडिओ कॉलवर आधी माझे गुडघे दाखव म्हणते.

अजून एक गोष्ट, जी मला खेळाइतकीच महत्त्वाची वाटते. ही लीग खेळाडूच चालवतात. मालक नाही, साहेब नाही, सचिवांचे जावई नाहीत. प्रत्येकीने कुठल्या ना कुठल्या कमिटीत काम करायचं, कोणी तिकिटं बघतं, कोणी हॉलच्या भाड्याचं, कोणी जमिनीवर पट्ट्या मारतं. एका मॅचला बरीच माणसं पंच म्हणून नि स्कोअर, घड्याळ, पेनल्टी बॉक्स सांभाळायला लागतात, आणि त्यातल्या अर्ध्याअधिक जणांच्या पायात स्केट्ससुद्धा नसतात. म्हणजे ज्यांना पडायचं नाही त्यांनाही जागा आहे. माझ्या ओळखीच्या एका पुणेरी बाई आहेत, स्केट्सना हात लावत नाहीत, पण पेनल्टी बॉक्सचं स्टॉपवॉच त्यांच्याकडे असलं की अर्ध्या सेकंदाची सवलत मिळत नाही कुणाला. नाव घ्यायची पण एक मजा असते, प्रत्येकीचं डर्बीचं टोपणनाव, काहीतरी कोटी केलेलं नि जरा दरारा असलेलं. माझं ठरलंय कडकलक्ष्मी. पुरणपोलादी हे पण डोक्यात होतं, ते बहिणीच्या मुलीसाठी राखून ठेवलंय.

तर आता नाशिक, पुणे, कोल्हापूर, नागपूर. आपल्याकडे खेळणाऱ्या बाया नाहीत असं अजिबात नाही. 2012 मध्ये पाटण्याला बायकांचा पहिला कबड्डी वर्ल्ड कप भारताने जिंकला त्यात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ या आपल्या तिघी होत्या. हांगझोच्या एशियन गेम्समध्ये 2023 ला भारताच्या मुलींनी स्केटिंगच्या 3000 मीटर रिलेत ब्राँझ घेतलं. पण या सगळ्या लहानपणापासून खेळत आलेल्या. आपल्याकडे खेळाचा दरवाजा सातव्या-आठव्या वर्षी उघडतो, मेडलच्या आशेने, आणि दहावीला क्लास लागले की बंद, मुलींचा तर आधीच. मी स्वतः शाळेत कबड्डी खेळायचे, तालुक्यापर्यंत गेले होते, दहावीच्या वर्षी सुटली ती सुटलीच, कोणी बंद कर म्हटलं असंही नाही, पुढे खेळायला जागाच नव्हती. ज्या बाईला वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा काहीतरी शिकायचंय, मेडल नकोय, फक्त खेळायचंय, तिने जायचं कुठे? जिममध्ये नाहीतर हास्यक्लबात.

आणि साधन समोरच पडलेलं आहे. आपल्या कुठल्याही शहरात संध्याकाळी स्केटिंग रिंकवर जा, पोरं गोल गोल फिरत असतात आणि कठड्यावर त्यांच्या आया बसलेल्या असतात, मांडीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली, बुटांचे जोड पायाशी, नि फोनमध्ये डोकं. तासभर. रोज. वर्षानुवर्षं. मी भारतात असताना माझ्या मुलीसाठी हेच केलंय आणि मला कधी कुणी विचारलं नाही की ताई तुम्ही पण उतरता का, आणि मलाही ते सुचलं नाही. रिंक आहे, कोच आहे, वेळ आधीच काढलेली आहे, पोरगं तिथेच सांभाळलं जातंय. ट्रॅकच्या आतली जागा तर रिकामीच असते. आपल्याकडे बरीच पोरं शिकतात तीच चार चाकी क्वाड स्केट्स डर्बीला लागतात, त्यामुळे साधन परदेशातून मागवायलाही नको. फक्त उघड्यावरच्या सिमेंटला मऊ चाकं घ्यायची, इथल्या गुळगुळीत हॉलची कडक चाकं तिथे दात हलवतील. पावसाळ्यात चार महिने बंद राहील, ते पोरांचंही राहतंच.

लगेच डर्बी सुरू करा असं माझं म्हणणं नाही. आधी आयांची नवशिकी बॅच सुरू करा, पडणं, उठणं, थांबणं, एवढंच तीन महिने. हसणारे दोन दिवस हसतील. पॅडशिवाय एकीलाही उतरू देऊ नका, आपल्याकडे पोरांनासुद्धा नुसत्या हेल्मेटवर सोडतात, मनगटाचा गार्ड हवाच हवा. ड्रेसकोडचा घोळ घालू नका, सलवार, लेगिंग, ट्रॅकपँट जे सोयीचं ते, फक्त ओढणी नको. आणि फी घेताना पोराच्या फीमध्ये आईला निम्मी सूट द्या, बघा किती येतात.

पुरवणीने एवढं करावं की पुढच्या वेळी चाळिशीवर पान काढाल तेव्हा अर्धं पान खेळाला द्या, आणि तुमच्या शहरात मोठ्या वयाच्या नवशिक्या बाईला कबड्डी, फुटबॉल, स्केटिंग, काहीही, कुठे शिकवतात याची गावागणिक यादी छापा. यादी छोटी निघाली तर छोटी छापा, लोकांना दिसू द्या.

मी डिसेंबरात नाशिकला येतेय तीन आठवडे. कुणा क्लासवाल्या सरांची किंवा मॅडमची रिंकच्या आतली जागा संध्याकाळी तासभर द्यायची तयारी असेल तर त्यांनी तुमच्या ऑफिसला कळवावं आणि तुम्ही मला कळवा. दोरी, चिकटपट्टी नि शिट्टी मी घेऊन येते, पॅडचं तेवढं तिथे बघावं लागेल, विमानात वजन बसत नाही.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
ऑस्टिन, टेक्सास (मूळ गाव नाशिक)